सदुसष्ट सेंटिमीटर

"मायनस दीड," मार्लूस म्हणाली, आणि लगेच पुढं, "थांब, परत घेते. हलू नकोस."

मी हलले नव्हतेच. हनुवटी पट्टीवर, कपाळ वरच्या पट्ट्याला टेकलेलं, डोळा उघडा. अठ्ठावीस वर्षं मी याच यंत्राच्या पलीकडच्या स्टुलावर बसत होते आणि अलीकडे बसलेल्यांना "हलू नका" म्हणत होते, तेव्हा न हलता कसं बसायचं हे मला कुणी शिकवायला नको. मार्लूसनं परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. तिच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. ती शिकाऊ म्हणून आली तेव्हा कॉफी पिऊन तशीच कामाला बसायची आणि मी तिला झापायचे, की बाई, पेशंटच्या नाकाशी तोंड नेऊन काम करतो आपण, काहीतरी चघळत जा. आता चाळिशीला आली तरी चघळते. "मायनस दीडच," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे आलं ते मी ओळखलं. आकडा चुकीचा आहे आणि कितीदाही घेतला तरी बदलत नाही, अशा वेळी माझाही आवाज असाच व्हायचा.

आकडा शून्य यायला हवा होता. उजवा डोळा माझा लहानपणापासून आळशी, आहे म्हणायला आहे; सगळी भिस्त डाव्यावर. त्या डाव्याच्या पडद्याला मधोमध बारीक छिद्र पडलं आणि त्याच सुमारास मोतीबिंदूही पिकला, म्हणून दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकली. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं, आणि छिद्र मिटावं म्हणून डोळ्यात गॅस भरला. गॅस नेहमी वर चढतो. म्हणून आठवडाभर मान खाली घालून राहायचं, म्हणजे बुडबुडा मागच्या पडद्याला टेकून राहतो. तोंड वर केलंत की तोच बुडबुडा पुढं येतो आणि नव्या भिंगाला मागून ढकलतो. भिंग पुढं सरकलं आणि भोवतीची पिशवी आवळली की मग ते परत जागेवर जाईलच असं नाही. मिलिमीटरभर पुढं गेलं तर जवळजवळ दीड नंबर. हे सगळं मी झोपेतसुद्धा सांगू शकले असते. ऑपरेशनच्या आधी याच खोलीत मार्लूसनं मला माझाच प्रश्न माझ्याच चालीत विचारला होता: "तर मग, दूरचं हवं की जवळचं?" म्हणजे चष्म्याशिवाय काय नीट दिसायला हवं, त्याप्रमाणे भिंग निवडतात. मी म्हटलं होतं, "दूरचं. जवळ बघण्यासारखं घरात उरलंय काय?" मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही, तिनं फक्त लिहून घेतलं.

"छिद्र मिटलंय, हं," ती आता म्हणाली. "सुंदर मिटलंय. पण भिंग पुढं बसलंय. जवळजवळ मिलिमीटर. इतकं कसं?" आणि मग, अगदी सहज, "मान खाली ठेवली होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

"पूर्ण आठवडा?"

"मार्लूस, तो सूचनांचा कागद कुणी लिहिलाय?"

"तूच." ती हसली. "कुणाला विचारतेय मी पण! तू नाही ठेवणार तर कोण ठेवणार." मग तिचं हसू हळूहळू विरलं. तिचा चेहरा यंत्राच्या बाजूनं पुढं आला होता आणि मला तो स्वच्छ दिसत होता, कपाळावरच्या दोन उभ्या आठ्यांसकट. "म्हणजे माझंच चुकलं. अशा दुहेरी ऑपरेशनात भिंग थोडं पुढं येतंच म्हणून आपण आधीच सूट धरतो ना, ती मी कमी धरली. डॉक्टरांशी बोलते. सोमवारपासून सगळ्यांनाच सूट वाढवते. पुढच्या आठवड्यात चार जण आहेत."

"एका पेशंटवरून?"

"तू एक पेशंट नाहीयेस, दीनेके. बाकीचे मान खाली ठेवली म्हणतात आणि टीव्ही बघत बसतात. माझ्याकडं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा आकडा एकच आहे, तो तुझा."

मी कोट घातला. बटणं नीट लावली. दारात म्हटलं, "येते," आणि आले.

बसथांब्यावर उभी राहिले तर येणाऱ्या बसचा नंबर दिसेना, पार जवळ आल्यावर दिसला. त्याचं मला काही वाटलं नाही. चष्मा लागेल. अर्धं जग चष्मा लावतं. आयसलचा पूल ओलांडताना नदी कुठं संपते आणि कुरणं कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं, सगळं राखाडी. माझ्या मनात तो एकच शब्द घोळत होता, जो मी हनुवटी पट्टीवर ठेवून म्हटला होता. उभ्या आयुष्यात मी मोजमापात खोटं बोलले नाही. नवऱ्याशी बोलले, बहिणीशी बोलले, चर्चमध्ये तर कितीदा. पण त्या खोलीत नाही. आणि आता त्या माझ्या एका 'हो'वर मार्लूस सगळ्यांची सूट वाढवणार, ते चौघं प्लसमध्ये जाणार, ना धड दूरचं दिसणार ना जवळचं, आणि तिला वाटत राहणार की आपला हात बिघडला. फोन करून सांगायचं तर काय सांगायचं? मी मान वर केली होती, एवढं सांगून भागणार नव्हतं. ती विचारणार, का? तिला मीच तसं शिकवलं होतं, की आकडा चुकला की का विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

मान खाली घालून घालवलेल्या दिवसांत मला माझ्या घराची जमीन पाठ झाली. दिवाणखान्यातल्या गालिच्याला टेबलाच्या पायापाशी एक गोल डाग आहे, तो माझ्या नवऱ्यानं, वाउटरनं सांडलेल्या चहाचा. तो डाग निघाला असं मी त्याला अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. निघाला नव्हता. सुजलेल्या पापणीतून, गॅसमधून तो काही दिसत नव्हता, पण कुठं आहे ते माहीत होतं, आणि मी त्या जागेकडं बघत बसायचे. भाड्यानं आणलेल्या खुर्चीच्या भोकात तोंड, हातात कप, कपात नळी. कॉफी नळीनं प्यायली की तिला चव राहत नाही. सकाळी आणि संध्याकाळी शेरिता यायची, डोळ्यात थेंब घालायला. ती दारातूनच ओरडायची, "बाई, मी आलेय, वर बघू नका!" आणि मला तिचे बूटच दिसायचे, पांढरे, जाड तळाचे. पहिले तीन दिवस मी फक्त थेंब घालण्यापुरतं तोंड वर केलं, ते शपथेवर सांगते. चौथा दिवस गुरुवार होता, सतरा ऑक्टोबर. मला अडुसष्ट पूर्ण होत होती.

आमच्याकडं वाढदिवसाला बोलवायचं नसतं. ज्याला तारीख ठाऊक आहे तो येतो, गोल मांडलेल्या खुर्च्यांमध्ये बसतो, प्रत्येकाशी हात मिळवून 'अमक्याबद्दल अभिनंदन' म्हणतो, कॉफीबरोबर केकचा एक तुकडा खातो, एकच, आणि पाच वाजले की उठतो. वाउटर होता तेव्हा बारा-चौदा जण यायचे आणि सगळे त्याच्याकडं बघून यायचे हे मला तेव्हाही कळत होतं, कारण प्रत्येकाच्या वाढदिवसाला तो स्वतः जायचा आणि मी त्याच्या मागून. तो गेल्यावर पहिल्या वर्षी नऊ आले, मग सहा, मग तीन. मी कुणाकडंच गेले नव्हते. तर त्या दिवशी मी काय केलं, तर चाचपडत उठले, बेकरीवाल्याला फोन करून सफरचंदाचा केक मागवला, बारा तुकड्यांचा, आणि खुर्च्या मांडल्या. स्वयंपाकघरातल्या चार, वरच्या खोलीतल्या दोन, बागेतल्या घडीच्या तीन. नऊ. पायऱ्यांवरून खुर्ची खाली आणताना मान खाली होती हे त्यातल्या त्यात बरं. दोन वाजता मी माझ्या जागेवर बसले आणि मान वर केली. आमच्या खिडकीला पडदे ओढायची पद्धत नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं; नऊ रिकाम्या खुर्च्यांच्या मधे म्हातारी मान खाली टाकून बसलीय हे कुणाला दिसायला नको होतं. आणि कुणी आलंच, तर त्यानं माझं डोकं बघून आत यायचं का? चेहरा दिसायला हवा माणसाचा. मानेला सवय नव्हती, ती दुखायला लागली, म्हणून मागं टेकले. तोंड छताकडं.

मला माहीत होतं. ते मी लपवणार नाही. बुडबुडा हलला ते मी पाहिलं, डोळ्यासमोरचा सगळा पांढुरकेपणा एकदम सरकला, आणि मनातल्या मनात मी माझाच कागद वाचला, तिसरी ओळ: पाठीवर झोपू नये, मागे टेकून वर पाहू नये. पाच मिनिटं, म्हटलं. मग पायरव आला आणि शेजारच्या दाराशी थांबला. मग म्हटलं, लोक अडीचला निघतात. तीनला दाराच्या फटीतून काही पाकिटं पडली. ती मी उचलली, डोळ्याशी धरली, काही वाचता येईना, जाहिरातींच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. साडेतीनला कॉफी टाकून दिली आणि नवीन केली. मुलं सायकलींवरून शाळेतून परत गेली. कोपऱ्यावर कुणीतरी हसलं. मला रडू येत नव्हतं, डोळ्याला बरं नाही म्हणून मी ते येऊ देत नव्हते. इतकं एकटं मला वाउटरच्या दफनाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या होत्या.

पाचला शेरिता आली. नेहमीसारखं ओरडली, आणि मग आत येऊन माझ्यासमोर थांबली. मी तिला पहिल्यांदाच समोरून बघत होते, म्हणजे एक तपकिरी आणि पांढरा ठिपका.

"बाई, मान," ती म्हणाली.

"आज माझा वाढदिवस आहे."

"अभिनंदन. मान आधी." तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून हलकेच खाली वळवलं. थोड्या वेळानं तिचे बूट केकपाशी गेले. "कापू का? मी दोन तुकडे घेणार, आधीच सांगते, तुमच्यासारखं एक खाऊन गप्प बसायची आमच्या घरात पद्धत नाही."

तिनं दोन खाल्ले. किती वेळ बसला होतात असं तिनं विचारलं नाही. जाताना एकेक खुर्ची उचलून जागच्या जागी ठेवली. घडीच्या खुर्च्या मिटताना टक टक टक असा तीनदा आवाज झाला. केकचे उरलेले दहा तुकडे मी तिच्याबरोबर दिले, तिच्या घरी माणसं आहेत.

हे सगळं मार्लूसला कसं सांगायचं असतं? तपासणीच्या त्या गुरुवारी बसमधून उतरून घरी आले, कोट काढला आणि संडासात गेले. या वयात बाहेरून आलं की आधी तिथंच जावं लागतं. बसले आणि समोर बघितलं, आणि समोरच्या भिंतीवरचं वाढदिवसांचं कॅलेंडर मला वाचता आलं. हे कॅलेंडर आमच्या देशात सगळ्यांच्या घरी तिथंच असतं, त्याला वर्ष नसतं, नुसत्या तारखा आणि नावं, म्हणजे ते कधी जुनं होत नाही. आमच्याकडचं वाउटरचं खातं होतं. सकाळी तो आतूनच ओरडायचा, "दीनेके, उद्या अमक्याचा!" आणि मी बाहेरून म्हणायचे, "गप्प बस, शेजारी ऐकतील." तो मार्चमध्ये गेला. कॅलेंडर चार वर्षं मार्चवरच होतं. आधी मी पान उलटलं नाही, मग मोतीबिंदूनं ते दिसेनासं झालं, आणि मग दिसत नाही हे कारण झालं. आता पेन्सिलीचं एकेक अक्षर उभं होतं. मी हिशेब केला, करायची गरज नव्हती: मायनस दीड म्हणजे सदुसष्ट सेंटिमीटर. तिथपर्यंत चष्म्याशिवाय लख्ख. माझ्या डोळ्यापासून त्या भिंतीपर्यंत टेप लावली असती तर तेवढंच आलं असतं, फार तर दोन सेंटिमीटर इकडंतिकडं.

मी तिथंच बसून पानं उलटली. पाय बधिर झाले. मेलेल्यांची नावं वाउटर खोडायचा नाही, बाजूला छोटा क्रूस काढायचा. क्रूस बरेच होते. प्रत्येक नावापुढं त्याच्या काहीतरी नोंदी. 'वाइन नको, सुटलीय.' 'मुलीबद्दल विचारू नये.' मेच्या नवव्या तारखेला त्यानं नुसतं 'मी' लिहिलं होतं, आणि तिथं क्रूस नव्हता, कोण काढणार? ऑक्टोबरच्या सतराव्याला 'दीनेके!!' अशी दोन उद्गारचिन्हं, जसं काही तो विसरलाच असता. आणि नोव्हेंबर उलटला तर चोवीसला, म्हणजे येत्या रविवारी: 'मार्लूस. गुलाब नकोत, शिंका येतात.'

शुक्रवार आणि शनिवार मी स्वतःशी भांडले. चिठ्ठी लिहायला घेतली. 'प्रिय मार्लूस, मोजमापाबाबत एक दुरुस्ती' इथवर आले, आणि 'कारण' हा शब्द लिहून पेन खाली ठेवलं. दोनदा. रविवारी सायक्लेमनच्या फुलांची एक कुंडी घेऊन मी तिच्या दाराशी उभी राहिले. वाउटर गेल्यापासून आले नव्हते, घर चुकलं असतं तर बरं असं मनात आलं. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं, बासनं. त्याचा चेहरा उंच आणि धूसर होता.

"दीनेके? या, या, आत या! मार्लूसबद्दल अभिनंदन!" त्यानं माझा हात हलवला. आत खुर्च्यांचा गोल भरलेला होता, आणि मी एकेकाशी हात मिळवत फिरले. मार्लूसची आई म्हणाली, "मार्लूसबद्दल अभिनंदन." कुणी दीर होता, तो म्हणाला, "वहिनीबद्दल अभिनंदन." एका लहान मुलीनंही हात पुढं केला. प्रत्येक जण जवळ आला की उजळायचा आणि मागं टेकला की विरघळायचा. मला अकरा वेळा अभिनंदन मिळालं, त्यातलं एकही माझं नव्हतं, तरी मला ते घ्यायला आवडलं.

बासनं स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणून मार्लूसशेजारी घुसवली. तिनं माझ्या हातात केकची बशी दिली. सगळे कुणाच्या तरी गळक्या छपराबद्दल बोलत होते.

"तुझं मोजमाप बरोबर होतं," मी म्हटलं.

"आज काम नको गं, दीनेके."

"आजच. उद्या सोमवार आहे. सूट वाढवू नकोस. मी मान वर केली होती."

ती माझ्याकडं वळली. "तू?"

"मागं टेकून. तीन तास."

"तीन..." तिनं आवाज खाली आणला. "अगं पण का? तुला झोप लागली का? चक्कर आली?"

"नाही. जागी होते. सतरा ऑक्टोबरला, दुपारी दोन ते पाच."

तिला तारीख कळायला एक क्षण लागला, आणि कळली तेव्हा मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी थांबले असते तरी चाललं असतं. पण ती उत्तर मिळेपर्यंत उठणार नव्हती, आणि मलाही आता उठायचं नव्हतं. "खुर्च्या मांडल्या होत्या," मी म्हटलं. "नऊ. मान खाली घालून कसं बसायचं पाहुण्यांसमोर?"

"कोण कोण आलं?"

"डोळ्यात थेंब घालणारी आली. पाचला."

"अगं, पण तूच तर..." मार्लूसनं माझं मनगट धरलं. "तुझा तो कागद! पहिला आठवडा पाहुणे नकोत, वाढदिवस असेल तर पुढं ढकलावा. आम्ही सगळ्यांना तोच देतो. मी बासला म्हटलंही, जाऊन येऊ या का, आणि मग म्हटलं नको, दीनेके चिडेल. मी कार्ड टाकलं होतं. सगळ्यांनी टाकली होती, विभागातल्या."

"जाहिरातींच्या गठ्ठ्यात आहेत," मी म्हटलं. मी तो नियम लिहिला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते, वाउटर शेजारच्या खोलीत गुणगुणत होता, आणि एक आठवडा पाहुणे आले नाहीत तर काय बिघडतं असं मला खरंच वाटलं होतं. "आणि चिडले असते. नक्की चिडले असते. पण दार उघडलं असतं."

गोलाच्या पलीकडची माणसं नुसते रंग होती. मार्लूस मात्र बरोबर त्या अंतरावर होती, जिथं मला सगळं दिसतं. तिच्या खालच्या पापणीवर पाणी जमलेलं दिसलं, हनुवटीवरचा केकचा कणही दिसला. तिनं माझी रिकामी बशी घेतली, टेबलाशी गेली, आणि सगळ्यांच्या देखत त्या बशीत दुसरा तुकडा ठेवला. गळक्या छपराची गोष्ट थांबली. तिच्या आईनं तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दीनेकेचा वाढदिवस आहे," मार्लूस म्हणाली. "पुढं ढकलला होता."

मग ते सगळे उठले, एकामागून एक, आणि हात पुढं करत माझ्या जवळ जवळ येऊ लागले.